माळ्यावरचा फुत्कार आणि गोधडीतली मण्यार

(गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. घरातल्यांना विचारूनच लिहितो आहे.)

पार्श्वभूमी

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडचं गाव. घर जुनं, धाब्याचं. मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, लाकडी सरे आणि वर मातीचा थर. मागच्या खोलीवर एक पोटमाळा आहे. त्याला बाहेरच्या बाजूने झरोका आहे, पण त्याची जाळी कधीच गळून पडलेली. घरात चार माणसं: आजी, तिचा थोरला मुलगा (त्याला काका म्हणू), काकू, आणि धाकट्या मुलाचा अकरा वर्षांचा पोरगा. पोराचे आईवडील सुरतेला कामाला, म्हणून तो आजीकडे शिकायला.

काळ ऑक्टोबर २०२४ चा. कापसाची वेचणी जोरात होती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खेडा खरेदीवाले (गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी) त्याच्या बरेच खाली मागत होते. मग जो तो करतो तेच काकांनीही केलं. भाव चढेल म्हणून कापूस घरातच साठवला. पुढची खोली छातीइतक्या उंचीपर्यंत भरली. तिथल्या दोन खाटा निघाल्या आणि मागच्या खोलीत भिंतीला उभ्या करून ठेवल्या गेल्या. हा खाटांचा तपशील तेव्हा मला घरातल्या अडगळीसारखा वाटला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि चौदा वर्षांपासून साप पकडतो. वनविभागाकडे माझी नोंद आहे. पोरगा माझ्या वर्गातला नाही, पण शाळा तीच.

अडचण काय होती

कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी काकांचा फोन आला. "सर, माळावर नाग शे. रोज रातले फुसफुसस. कोणी झोपत नही घरमा."

रात्री नऊला गेलो. अंगणात सात-आठ शेजारी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. आजीने उदबत्ती लावून ठेवलेली. दिवे घालवायला सांगितले आणि बसलो. दहा मिनिटांत आवाज सुरू झाला. घशातून ओढून काढल्यासारखा लांब फुत्कार, मग दुसरा, मग दोन एकदम. थोडं थांबून पुन्हा तसंच.

ऐकता ऐकता दोन गोष्टी खटकल्या. साप फुत्कारतो तो कोणी अंगावर आलं तर, बजावण्यासाठी. अंधाऱ्या माळ्यावर एकटा पडलेला नाग फुत्कारणार कोणावर? आणि दुसरं, आवाज एका घशातला नव्हता. वेगवेगळ्या जाडीचा होता. मध्येच झरोक्यावर काहीतरी पांढरं येऊन टेकलं, तशी सगळ्या घशांनी एकच गिल्ला केला आणि क्षणात चिडीचूप.

शिडीवरून टॉर्च मारला. बदामाच्या आकाराचे चार पांढरे चेहरे माझ्याकडे बघत डोलत होते. गव्हाणी घुबडाची पिल्लं. या घुबडाची अंडी एका दिवशी उबत नाहीत, म्हणून भावंडं पायरीपायरीने लहानमोठी असतात. थोरल्याला पंख फुटत होते, धाकटं नुसता कापसाचा गोळा. हे घुबड घुत्कारत नाही, किंचाळतं, आणि भुकेली पिल्लं रात्रभर अशी फुत्कारत राहतात. जुन्या वाड्यांतला, देवळांतला 'नाग' पुष्कळदा हाच असतो.

पर्याय

साप नाही म्हटल्यावर अंगणातली माणसं सैलावतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. साप एकवेळ परवडला, घरात घुबड म्हणजे काय! एकाने पिल्लं पोत्यात भरून नाल्याकडे सोडून यायचं सुचवलं. ते म्हणजे त्यांना मारणंच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, त्यामुळे गुन्हाही. दुसरा म्हणाला, झरोका बुजवून टाका. दगड मारायला मात्र कोणी धजत नव्हतं, कारण घुबडाला मारलेला दगड ते नदीवर नेऊन घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. मी या समजुतीच्या विरोधात कधी बोलत नाही. तिने माझ्यापेक्षा जास्त घुबडं वाचवली असतील.

वनविभागाच्या मदतीने पिल्लं दुसरीकडे हलवता आली असती. पण आईबापांचं येणं-जाणं नीट सुरू होतं, आणि असं चालतं घरटं उचललं की पिल्लांना हाताने भरवावं लागतं. ती जगली तरी नीट शिकार शिकतीलच असं नाही. चौथा पर्याय म्हणजे राहू देणं. पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून साधारण आठ-नऊ आठवड्यांत उडतात. इथे थोरल्याला तीनेक आठवडे बाकी होते, धाकट्याला त्याहून जास्त. तेवढा काळ काढायचा, मग झरोक्याला जाळी आणि खळ्यातल्या निंबावर लाकडी पेटी. मी याच बाजूचा होतो आणि तसं बोललोही.

निकाल आजीने दिला. "त्यासनी पोरे शेतस ना? राहू द्या मंग."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोराला घेऊन माळ्याखाली बसलो. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि केस-हाडं गोळी करून ओकतं. काळ्या, वाळलेल्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या खाली पडल्या होत्या. एक गोळी वाटीत भिजवली आणि बाभळीच्या दोन काट्यांनी उकलली. केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या, शेंगदाण्याच्या फोलपटासारख्या हलक्या, पुढचे दात अजून नारिंगी. पोराने त्या पुसून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवल्या. तीन गोळ्या झाल्या तेव्हा पुठ्ठ्यावर सात कवट्या होत्या.

आणि मी जिथे बसलो होतो तिथून चार हातांवर पुढच्या खोलीतला कापसाचा ढीग सुरू होत होता. त्याच्या कडेला जमिनीवर पोराची गोधडी, आजीची गोधडी, उशाशी पाण्याचा तांब्या. मी ते पाहिलं. दोन्ही खाटा भिंतीला टेकलेल्या, त्याही पाहिल्या. बोललो काहीच नाही. मला 'साप नाही' असा निकाल द्यायला बोलावलं होतं. तो मी दिला होता आणि त्यावर खूश होतो.

ती रात्र

दिवाळीच्या आधीचा आठवडा. रात्री अडीचच्या सुमारास पोरगा उठला. "आजी, मन्हं पोट दुखी राह्यनं." संध्याकाळी शेव-मुरमुरे खाल्ले होते. आजीने ओवा-मीठ दिलं. सव्वातीनला ओकारी झाली. थोड्या वेळाने तो म्हणाला, दिव्याच्या जागी दोन दिवे दिसतात. आजीला वाटलं, झोपेत आहे. काकूंना मात्र खटकलं की पोरगा त्यांच्याकडे बघायला डोकं मागे टाकतो आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी काकूंचा मला फोन. त्यांचा प्रश्न सापाचा नव्हताच. "सर, त्या घुबडाच्या गोळ्या हाताळल्या त्याने, त्याचं काही पोटात गेलं असेल का?"

मी उडालोच. हात धुवायला सांगितलं होतं की नाही, हेच आठवत बसलो. जुलाब आहेत का, ताप आहे का, असं दोन-तीन मिनिटं विचारत राहिलो. ती मिनिटं पूर्ण वाया गेली. मग काकू म्हणाल्या, "पापण्या वर होत नाहीयेत त्याच्या." तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. विचारलं, झोपला कुठे होता? खाली. थुंकी गिळतोय का? नाही, तोंडातून गळतेय.

जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटेची पोटदुखी, जड पापण्या, गिळता न येणं. अंगावर सूज नसो, खूण नसो, मण्यार धरून चालायचं. मण्यारीचा दात इतका बारीक असतो की झोपलेल्याला कळतसुद्धा नाही, कळलंच तर मुंगी चावल्यासारखं वाटतं. घोणस चावली तर माणूस ओरडतो, सुजतो. मण्यारीत पहिल्यांदा पोट दुखतं आणि घरचे ओवा शोधत बसतात. आजीचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही.

निर्णयाच्या जागा

पुढच्या पंधरा मिनिटांत तीन निर्णय झाले.

पहिला गाडीचा. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका दूर होती. शेजाऱ्याची पिकअप दारात उभी. रुग्णवाहिकेने प्राथमिक आरोग्य केंद्रावर यावं, आपण पिकअपने तिथवर जावं, असं ठरलं. केंद्र नऊ किलोमीटर.

दुसरा भगताचा. वाटेतल्या गावी भगत आहे, आधी त्याला दाखवू, असं काका म्हणत होते. घरात आवाज चढले. काकू म्हणत होत्या, अजिबात नाही. मी फोनवर म्हणालो, "भगताला गाडीत घ्या. पण गाडी थांबवू नका." काका त्यावर तयार झाले. भगताला फोन गेला, तो रस्त्यावर येऊन उभा राहिला, चालत्या गाडीतच चढला आणि केंद्रापर्यंत मंत्र म्हणत आला. काही सर्पमित्रांना हे मान्य होणार नाही. माझ्या दृष्टीने पहाटे साडेचारला घाबरलेल्या माणसाशी वाद घालण्यात जी दहा मिनिटं गेली असती, ती त्या पोराकडे नव्हती.

तिसरा निर्णय न करायच्या गोष्टींचा. कुठे आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायच्या नाहीत, चालवायचं नाही, काही पाजायचं नाही. थुंकी श्वासनळीत जाऊ नये म्हणून कुशीवर झोपवायचं. काकूंनी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन तोंड खाली वळतं धरलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्याचा फार उपयोग झाला.

केंद्रातल्या डॉक्टरांनी खूण शोधण्यात वेळ घालवला नाही. सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. मुलाला आणि मोठ्या माणसाला डोस सारखाच लागतो, कारण साप माणूस बघून विष कमी टाकत नाही. आपल्याकडे मिळणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे कोणता साप हे कळेपर्यंत थांबायचं कारण नसतं. तिथून १०८ ने जळगाव. वाटेत श्वास उथळ होत गेला आणि शेवटचा टप्पा श्वास देणारा फुगा हाताने दाबत काढावा लागला.

परिणाम

मण्यारीचं विष नसांच्या टोकांना एकदा धरलं की लस ते सोडवू शकत नाही, मोकळं फिरणारं तेवढं निकामी करते. बाकीचं शरीरानेच भरून काढायचं, आणि तोवर श्वास यंत्राने द्यायचा. पोरगा तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. चौथ्या दिवशी नळी निघाली, नवव्या दिवशी घरी आला. दिवाळी दवाखान्यातच गेली. उजव्या दंडाच्या मागे दोन बारीक ठिपके नर्सला दुसऱ्या दिवशी सापडले. ते डासाचेच म्हणून सोडून दिले असते, इतके बारीक.

मी त्या सकाळी सातला त्यांच्या घरी पोचलो, तोवर गावातल्या पोरांनी कापूस उपसून साप मारून अंगणात टाकला होता. दोन-अडीच हात लांब, निळसर काळा, चकचकीत. अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, दाट. पाठीच्या कण्यावरून मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ. कवड्या या बिनविषारी सापाच्या पट्ट्यांचं उलटं असतं, तोंडाकडे ठळक आणि शेपटीकडे विरळ, आणि कण्यावर अशी मोठ्या खवल्यांची ओळ नसते. मण्यारच होती. एरवी मारलेला साप बघून मी दोन शब्द ऐकवतो. त्या दिवशी गप्प राहिलो.

घुबडांचं काय झालं, तेही लिहायला हवं. पोरगा दवाखान्यात असताना गावात एकच बोलणं होतं: मास्तरने घुबड ठेवायला लावलं, म्हणून घरावर हे आलं. कोणीतरी झरोक्यात पोत्याचा बोळा कोंबला. कोणी, ते मी विचारलं नाही. दोन रात्री आईबाप धाब्यावर किंचाळत फिरत होते, म्हणे. तिसऱ्या दिवशी मी जळगावहून परतलो आणि आजीला विचारून बोळा काढला. तीन पिल्लं जिवंत होती, धाकटं गेलं होतं. त्याच रात्री आईबाप पुन्हा उंदीर घेऊन आले. नोव्हेंबर संपता संपता तिघं उडाली. मग झरोक्याला जाळी बसली. निंबावरची पेटी मी लावली खरी, पण अजून तिच्यात साळुंक्यांशिवाय कोणी राहिलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

गावाने अपशकुनाचा दोर ओढला, तसा मला माझा एक दोर मिळत होता: घुबड उंदीर खातं, उंदीर कमी तर साप कमी, म्हणजे घुबड ठेवलं तेच बरोबर. शाळेत मी हे शिकवतो. पण या घराला ते लागू पडत नाही. मण्यार उंदीर खाते तशी पाली, बेडूक खाते आणि मुख्य म्हणजे दुसरे साप खाते. घुबडांची जोडी रात्री कितीही उंदीर उचलो, मण्यारीला त्या ढिगात अंधार होता, ऊब होती आणि वर्दळ नव्हती. तेवढं तिला पुरतं. घुबडाने साप आणला नाही, आणि घुबडाने साप अडवलाही नसता.

चूक शोधायची तर ती कोजागिरीनंतरच्या त्या दुपारी होती, आणि माझी होती. आवाजामागे सगळेच धावलो, मीही. ज्याचा आवाज येत होता ते निरुपद्रवी होतं आणि जे धोक्याचं होतं त्याला आवाज नव्हता. ढिगापासून दूर, दुसऱ्या खोलीत दोन खाटा आडव्या करायच्या आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायच्या, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. खोचलेली मच्छरदाणी मण्यारीला थोपवते. डासांसाठी म्हणून ती त्या घरात होतीच, खुंटीला.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्यानंतर उत्साहाने मी शाळेच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं होतं: शेत, बूट घातलेला पाय, समोर फणा काढलेला नाग. फणा काढणारा साप चित्रात बरा दिसतो. घरात झोपलेलं माणूस मी काढलं नव्हतं.

पोरगा फोनच्या वेळी जागा होता, दिसत नसलं तरी ऐकत होता. तो नंतर सांगतो की मी गोळ्यांबद्दल विचारत होतो ते त्याला ऐकू येत होतं, आणि 'हात धुतले होते' हे सांगायचं होतं पण जीभ वळत नव्हती. त्यामुळे आता पहाटेच्या कोणत्याही फोनवर माझा पहिला प्रश्न 'कुठे झोपला होता' हाच असतो. आणि साप बघायला गेलो की साप असो वा नसो, निघण्याआधी अंथरुणं कुठे पडतात ते बघतो. लोकांना ते विचित्र वाटतं. एका घरी सूनबाईंनी चक्क विचारलं, "सर, आमच्या गाद्या का मोजताय?"

कापूस जानेवारीत गेला, हमीभावाच्या खालीच. खाटा पुढच्या खोलीत परत आल्या. पोरगा खाटेवर झोपतो, कवट्यांचा पुठ्ठा उशाशी ठेवून. काकूंनी मच्छरदाणीच्या चारही कडा रोज स्वतः खोचायच्या असं ठरवून टाकलं आहे. आजीसाठीही खाट टाकली होती. दोन रात्री झोपली, तिसऱ्या रात्री म्हणाली, पाठ दुखते, आणि गोधडी घेऊन पुन्हा खाली उतरली. तिला मी तीनदा सांगून पाहिलं आहे. चौथ्यांदा जायचं आहे, या पावसाळ्याआधी.